विश्लेषण : जमिनीत सापडलेले तांब्याचे नाणे चिंचेने घासावे का? पेण-रोह्याच्या खाऱ्या मातीत धोका अधिक कसा?

शेताचा बांध घालताना, विहिरीतला गाळ उपसताना किंवा घराचा पाया खणताना एखादी हिरवट-काळपट चकती हाती लागते. ती नाणे आहे हे लक्षात आले की बहुतेकांचा पहिला विचार एकच असतो : घासून बघू, काय लिहिले आहे ते! मग चिंच, आमसूल, लिंबू-मीठ किंवा भांडी घासायची पावडर बाहेर निघते. पाच मिनिटांत नाणे लालसर, चकचकीत होते. मात्र याच पाच मिनिटांत त्यावरची अक्षरे, त्याचे बाजारातले मोल आणि ते कुठून आले याचा पुरावा या तिन्ही गोष्टी जाऊ शकतात. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या खाडीकाठच्या तालुक्यांत तर मातीतले मीठ आणि हवेतला ओलावा यामुळे नुकसान आणखी वाढते. नाण्याची स्वच्छता हा प्रश्न म्हणूनच केवळ छंदाचा नाही. त्यात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे आणि दीडशे वर्षे जुना कायदाही आहे.

हा विषय आताच चर्चेत का?

मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगड किल्ल्याजवळची शेते गावकऱ्यांनी रात्री खणून काढली. ‘छावा’ हा चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता. त्या पाठोपाठ, परिसरातल्या मातीत मोगलकालीन सोन्याची नाणी असल्याची अफवा पसरली आणि लोक टॉर्च, चाळण्या व मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरले. अखेर पोलीस व प्रशासनाला लक्ष घालावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात रायगड जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे दोन किल्ले आहेत. किल्ल्यांविषयीचे कुतूहल वाढले, तसे डिटेक्टर फिरवून ‘खजिना’ शोधण्याच्या चित्रफितीही मोबाइलवर वाढल्या.

दुसरे कारण अधिक ठोस आहे. पेण परिसरात जमीन प्रत्यक्षच मोठ्या प्रमाणावर उकरली जात आहे आणि पुढेही जाणार आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण पेण तालुक्यातून आणि रोहा तालुक्यातील कोलाडजवळून गेले आहे. विरार-अलिबाग मार्गिकेचा पहिला टप्पा पेण तालुक्यातील बलवलीपर्यंत येतो. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवनगर उभारण्याची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. शेकडो वर्षे फक्त नांगर लागलेल्या जमिनीत आता पोकलेन शिरतो. अशा वेळी जुने नाणे बहुधा पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागत नाही. ते मजुराच्या, शेतकऱ्याच्या किंवा डंपरचालकाच्या हाती लागते.

पेण-रोह्याच्या मातीत तांब्याची नाणी येतात कुठून?

हा मुलूख खाडीच्या व्यापाराचा. रोहा कुंडलिका नदीवर आहे आणि ही नदी रेवदंडा-चौलजवळ समुद्राला मिळते. चौल हे बंदर इतके जुने, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. पेणचा संबंध धरमतरच्या खाडीशी. अंतोरे बंदरातून मीठ, भात आणि इतर माल चढे-उतरे, तिथून घाटावर जाई. माल जिथून जातो तिथून पैसाही जातो.

सत्ताही अनेक नांदल्या. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, चौलला सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी, कुलाब्याला आंग्रे आणि शेवटी ईस्ट इंडिया कंपनी. रोह्याजवळचा अवचितगड आणि पेणजवळचा सांकशीचा किल्ला या घडामोडींचे साक्षीदार आहेत. प्रत्येक सत्तेचे चलन बाजारात फिरत होते आणि एकाची नाणी दुसऱ्याच्या मुलखात सर्रास चालत.

सोने-चांदी खजिन्यात, सावकाराच्या पेटीत किंवा दागिन्यांत जाई. बाजारात रोज हाताळले जायचे ते तांबे. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकानंतरची तांब्याची शिवराई हे त्याचे ठळक उदाहरण. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी तिची अक्षररचना पुढे पेशवाईतही कायम राहिली आणि वेगवेगळ्या टांकसाळींतून ती पाडली जात होती. इंग्रजी राजवट आल्यानंतरही काही काळ शिवराई बाजारात टिकून होती. त्यांच्या जोडीला कंपनीचे तराजू छापाचे पैसे आले. १७९१ आणि १७९४ सालचे असे पैसे इंग्लंडमध्ये यंत्रावर पाडून मुंबई इलाख्यासाठी आणले होते. १८३५ पासून एकसारखा पाव आणा आला. १९०६ नंतर शुद्ध तांब्याऐवजी ब्राँझचा पैसा आला. शेतात सापडणारे नाणे बहुधा यांपैकीच एखादे असते. ते कुणाच्या तरी कनवटीतून पडलेले असते, खजिन्यातले नसते.

हिरवा थर म्हणजे घाण नव्हे का?

नाही, आणि सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. जमिनीत पडलेले तांबे मातीतल्या पाण्याशी, हवेशी आणि क्षारांशी सतत अभिक्रिया करत राहते. धातूला लागून प्रथम तांबूस रंगाचा ऑक्साइडचा थर तयार होतो. त्यावर हिरव्या, कधी निळसर रंगाच्या कार्बोनेटचा थर बसतो. सर्वात वर मातीचे कण चिकटतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की, दोनशे-तीनशे वर्षे पुरलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा धातूत उरलेलाच नसतो. टांकसाळीत ठोकलेली अक्षरे, ठिपके, रेघा या सगळ्याचा आकार त्या तांबूस-हिरव्या थरातच जपलेला असतो. आतला धातू खड्डे पडलेला, खरबरीत असतो. त्यामुळे थर काढून ‘खरे नाणे’ बाहेर काढायला जावे, तर अक्षरे थराबरोबर वाहून जातात आणि हाती उरतो तो लाल तांब्याचा तुकडा. गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा किंवा तपकिरी थर खालच्या धातूचे रक्षणही करतो. जाणकार संग्राहक म्हणूनच असा थर असलेल्या नाण्याला घासलेल्या नाण्यापेक्षा अधिक किंमत देतात.

चिंच, आमसूल, लिंबू-मिठाने नेमके काय होते?

तांब्याची कळशी किंवा देवाची भांडी घासायला हेच पदार्थ पिढ्यान्पिढ्या वापरले जातात आणि तिथे ते योग्यच आहे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आम्ल, आमसुलात त्याच कुळातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड आणि कार्बोनेट विरघळवते, खालचा नवा धातू उघडा पडतो आणि भांडे लखलखते. कळशीवर अक्षरे नसतात. तिचा पत्रा जाड असतो आणि ती पुन्हा पुन्हा घासायचीच असते.

नाण्याच्या बाबतीत ज्या थरात अक्षरे आहेत, तोच थर आम्ल खाऊन टाकते. व्हिनेगर किंवा आम्लयुक्त शीतपेयात नाणे रात्रभर बुडवण्याचा सल्ला काही चित्रफितींत दिला जातो, त्याचाही परिणाम तोच. लिंबाबरोबर मीठ वापरले तर दुहेरी नुकसान होते, कारण मिठातले क्लोराइड नाण्याच्या बारीक छिद्रांत शिरते आणि तिथेच राहते. टूथपेस्ट, राख, तारेची घासणी यांनी पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, ते पुन्हा भरून येत नाहीत.

मोबाइलचा जुना चार्जर आणि मिठाचे पाणी घेऊन घरी विजेने नाणे ‘सोलण्याचा’ प्रकार तर सर्वात वाईट. सगळा थर एकदम सुटतो, अक्षरेही जातात. शिवाय उघड्या वायरी आणि पाणी यांचा खेळ जिवावर बेतू शकतो. खोबरेल किंवा अन्य तेलात महिनोन् महिने नाणे ठेवण्याचा उपाय सौम्य वाटतो. पण तेलातली स्निग्धाम्लेही हळूहळू थर खातात आणि छिद्रांत मुरलेले तेल पुढे तज्ज्ञाच्या उपचारात अडथळा ठरते.

कोकणात धोका जास्त का?

तांब्याच्या आणि ब्राँझच्या जुन्या वस्तूंना होणारा एक विकार जगभरच्या संग्रहालयांना परिचित आहे. त्याला ‘ब्राँझ डिसीझ’ म्हणतात. नाव रोगाचे असले तरी तो जंतूंमुळे होत नाही. मातीतले क्लोराइड तांब्याशी मिळून धातूलगत साठून राहते. जोवर ते कोरडे आणि झाकलेले असते, तोवर गप्प असते. हवा आणि ओलावा मिळाला की त्याची अभिक्रिया होऊन फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि त्याच वेळी हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. हे आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होते आणि चक्र सुरूच राहते. नाणे आतून पोखरले जाते. क्वचित काही महिन्यांत त्याचा भुगा होतो.

ही अभिक्रिया हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की जोर धरते. कोकणच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या पुढे असते. क्लोराइडचे म्हणाल, तर पेण तालुक्याचा खारेपाट त्यासाठीच ओळखला जातो. उधाणाच्या भरतीत बांध फुटून समुद्राचे पाणी शेतात शिरण्याचा अनुभव इथल्या शेतकऱ्यांना नवा नाही. तालुक्याच्या खाडीकाठी मिठागरे होती. कुंडलिकेच्या खाडीकाठीही भरतीचे पाणी आत येते. म्हणजे विकाराला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, मीठ आणि ओलावा, इथे मुबलक आहेत. देशावरच्या कोरड्या काळ्या मातीत सापडलेले नाणे कदाचित अपरीक्षित हाताळणीतूनही वाचेल. खारेपाटातले नाणे मे महिन्यात घासून चकचकीत केले, की गणपतीपर्यंत त्यावर हिरवी पावडर दिसू लागण्याची शक्यता बरीच मोठी.

हा विकार ओळखायचा कसा? घट्ट, गडद हिरवा थर नखाने निघत नाही, तो धोक्याचा नाही. फिकट, पोपटी-पांढरट रंगाचे ठिपके आणि बोट लावताच निघणारी भुकटी दिसली, तर विकार सुरू आहे असे समजावे. असे नाणे इतरांपासून वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे.

एका नाण्यावरची अक्षरे गेली तर इतिहासाचे काय बिघडते?

शिवराईचेच उदाहरण घ्या. साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. कुठे ‘श्री’ अर्धी, कुठे ‘छत्र’ एवढेच. शिवाय ‘शिव’ हा शब्द ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ अशा वेगवेगळ्या लेखनांत आढळतो. अक्षरांच्या आजूबाजूला ठिपके, चंद्र-सूर्य, पाने अशी बारीक चिन्हे असतात. नाणे कोणत्या काळातले, कोणत्या टांकसाळीतले याचा अंदाज अभ्यासक याच खुणांवरून बांधतात. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीतला फरक नाण्यावर मिलिमीटरच्याही अंशाचा असतो. एका घासणीत तो पुसला जातो.

नाण्यांच्या पृष्ठभागावरून इतिहास कसा उभा राहतो याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला १९०६ सालचा आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुन्या छापावर नवा छाप, हा गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडल्याचा थेट पुरावा ठरला. ती नाणी सापडल्यावर वितळवली असती, वाटून घेऊन विखुरली असती किंवा घासून सपाट केली असती, तर हा पुरावा उरला नसता.

तांब्याचा एकटा पैसा असा मोठा निष्कर्ष देणार नाही. पण तो कोणत्या गावात, किती खोलीवर, कशासोबत सापडला ही माहिती जोडली गेली तर बाजार कुठे भरत होता, वाट कुठून जात होती, कुणाचे चलन कुठवर चालत होते हे कळते. नाणे बाजारात विकले गेले तरी धातू टिकतो. हरवते ती जागेची माहिती, आणि ती पुन्हा मिळवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

जमिनीत सापडणाऱ्या वस्तूंसाठी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. बोलीभाषेत हाच गुप्तधनाचा कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे मूल्य किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागणी होताच हजर करू अशी हमी द्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्कदारांना बोलावतात. चौकशीची तारीख सूचनेपासून चार महिन्यांनंतरची, पण सहा महिन्यांच्या आतली असते.

वस्तू बेवारस ठरली आणि जमिनीच्या मालकाने निर्विवाद दावा केला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला आणि उरलेला मालकाला, असे या कायद्यात आहे. म्हणजे कळवले की सगळे सरकारजमा, ही समजूत पूर्ण खरी नाही. उलट, न कळवणाऱ्याचा हिस्सा सरकारकडे जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लपवण्यात साथ देणाऱ्या जमीनमालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष आणि कलानिधीविषयीचा. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. त्याच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. परदेशात नेण्यास किंवा पाठवण्यास मनाई आहे आणि त्यासाठी किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैदेची शिक्षा आहे. परदेशी स्थायिक झालेल्या भाच्याला आठवण म्हणून शिवराई देताना हे लक्षात ठेवायला हवे.

मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यावर गेले तर?

मुख्य प्रश्न यंत्राचा नाही, जागेचा आणि खणण्याचा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही. स्मारकाची हानी केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. अनेक डोंगरी किल्ले वनखात्याच्या हद्दीत येतात, तिथे वनकायदाही आडवा येतो. खासगी शेतात मालकाची संमती असली, तरी सापडलेल्या वस्तूला १८७८ चा कायदा लागू होतोच. डिटेक्टर फक्त धातू दाखवतो. त्याच्या आवाजामागे घातलेली कुदळ मात्र मातीचे थर, खापरे, हाडे, जोते हे सगळे विस्कटून टाकते.

मग लोक नाणे लपवतात का?

याचे एक उत्तर कायद्याच्या हिशेबातच दडले आहे. अशी वस्तू सरकारला स्वतःसाठी घ्यायची झाली, तर कायद्याच्या कलम १६ नुसार हक्कदाराला त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. सोन्यासाठी ही रक्कम मोठी होते. तांब्याचे काय? समजा शिवराई ११ ग्रॅमची आहे आणि तांब्याचा भाव किलोला ९०० रुपये आहे. धातूची किंमत होते सुमारे दहा रुपये. पाचवा हिस्सा मिळवला तर बारा रुपये. याच नाण्याला संग्राहक काही शे रुपये देतो, दुर्मीळ असेल तर बरेच जास्त. शिवाय तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयात हेलपाटे आणि महिनोन् महिने चौकशी. १८७८ मधल्या दहा रुपयांची मर्यादा आजही कागदावर तशीच आहे.

या हिशेबाचा परिणाम उघड आहे. सोन्याची अफवा पसरली की गर्दी जमते, पोलीस येतात. तांब्याचा पैसा सापडला तर कुणाला कळतही नाही. तो घासून देव्हाऱ्यात जातो, मुलाच्या खेळण्यात जातो किंवा भंगाराच्या वजनात जातो. सर्वसामान्यांच्या जगण्याचा पुरावा असलेले नाणेच सर्वात आधी नाहीसे होते.

नाणे सापडलेच, तर काय करावे?

पहिली गोष्ट, पुढे खणणे थांबवावे. नाणे जागेवर असतानाच मोबाइलने फोटो घ्यावा, शेजारी पट्टी किंवा चालू नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. मोबाइलमधले स्थान चालू ठेवावे. तारीख, गाव, सर्व्हे क्रमांक, अंदाजे खोली आणि सोबत काय होते, हे लगेच लिहून ठेवावे.

मातीसकट नाणे कागदी पाकिटात ठेवावे. ते ओले असेल तर सावलीत हळूहळू सुकू द्यावे, उन्हात किंवा चुलीजवळ नको. अनेक नाणी एकमेकांना चिकटलेली असतील तर ती सुटी करू नयेत. त्यांच्यावर कापडाचा ठसा असू शकतो, म्हणजे ती कधी काळी थैलीत होती. मडक्यात सापडली तर फुटकी खापरे आणि आतली मातीही जपावी.

मग जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज. रायगडचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे. पेण आणि रोहा इथल्या तहसील कार्यालयांत अर्ज देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत अलिबागला पाठवावी. पोच जपून ठेवावी, कारण ‘लपवले नाही’ याचा तोच पुरावा आहे. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय मुंबईत आहे. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी इथे १९८० पासून स्वतंत्र संशोधन संस्था आहे.

तज्ज्ञ नाणे कसे स्वच्छ करतात?

सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने आणि कणाकणाने. वरची माती लाकडी काडीने किंवा बारीक सुरीने उचलली जाते, अक्षरांचा थर दिसू लागला की थांबतात. क्लोराइड असेल तर नाणे शुद्ध पाण्यात किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावणात आठवडे, कधी महिने ठेवून ते बाहेर काढतात. नंतर बेन्झोट्रायाझोल नावाच्या रसायनाने तांब्याची अभिक्रिया रोखली जाते आणि वर पारदर्शक राळेचा किंवा मेणाचा पातळ लेप दिला जातो. हे रसायन घातक असल्याने घरी हाताळण्यासारखे नाही. नाणे चकचकीत करणे हा या सगळ्याचा उद्देशच नसतो. ते वाचता यावे आणि टिकावे, एवढाच असतो.

घरातल्या डब्यात आधीपासून असलेल्या जुन्या पैशांसाठी घरगुती काळजी पुरेशी आहे. धूळ मऊ ब्रशने झाडावी. गरज असेल तरच डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, टिपून, पूर्ण सुकवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते टाळलेले बरे. नाणे कडेने धरावे, बोटांचा घामही खारट असतो. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकचे खिसे असलेले अल्बम टाळावेत, कारण त्यातून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्याला हिरवट चिकटा येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात कागदी पाकिटे आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी पुड्या बदलाव्यात आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक नाणे एकदा पाहावे.

विकायचा मोह झाला तर आणखी एक सावधगिरी. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींत आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. अशा व्यवहारांसाठी बँक कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. नोंदणी शुल्काच्या नावाखाली आधी पैसे मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचाच.

पुढे काय करता येईल?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा खजिनाविषयक कायदा आला आणि त्यासोबत १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी योजना सुरू झाली. बहुतेक वस्तू, विशेषतः सुटी नाणी, नोंद करून सापडणाऱ्याला परत मिळतात. आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तिथे झाली आहे. त्या योजनेतही शोधणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला हाच, की आधी दाखवा, स्वतः घासू नका. या पद्धतीवर टीकाही होते. डिटेक्टरच्या छंदाला ती प्रतिष्ठा देते, असा पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाचा आक्षेप आहे. भारतात तशी मोकळीक द्यावी का, हा वादाचा मुद्दा आहे. पण न शोधता, कामाच्या ओघात सापडलेल्या तांब्याच्या पैशाची साधी नोंद करून घेणारी सोपी वाट तालुका पातळीवर असायला कुणाची हरकत नसावी.

मोठ्या प्रकल्पांच्या ठिकाणी ही गरज आणखी निकडीची आहे. पोकलेनच्या एका बादलीत शंभर वर्षांचा थर उचलला जातो. ती माती भराव म्हणून दुसऱ्या गावात पडते आणि तिथे सापडलेले नाणे चुकीच्या गावाचा इतिहास सांगू लागते. कंत्राटदाराच्या मुकादमाला आणि मजुरांना नाणे सापडल्यास फोटो काढून कुणाला कळवायचे एवढे सांगितले, तरी बरेच वाचेल.

तोवर निर्णय ज्याच्या हाती नाणे लागते त्याच्याकडेच आहे. मातीने माखलेले नाणे दोन महिने तसेच कोरड्या पाकिटात राहिले, तर त्याचे काही बिघडत नाही. घासलेले नाणे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.